ताटातले बटाटे

आमच्या घरात मटण का शिजत नाही, याचं कारण मी गेली तीस वर्षं लोकांना खोटं सांगत आलो. माझ्या बायकोचा नवस आहे, मुलाच्या शिक्षणासाठी तिनं देवीपुढं मांसाहार सोडला, असं मी सांगायचो. भोसरीतल्या आमच्या गल्लीत हे लहानथोरांना पाठ आहे. नवरात्रात बायका मुद्दाम तिची ओटी भरायला येतात, हळदीकुंकवाला पहिला मान तिचा असतो. नवस नव्हता. मी होतो. आता वय त्र्याहत्तर झालं, आणि गेल्या रविवारी आमच्या घरात जे शिजलं त्यानंतर हे लिहून ठेवणं भाग आहे.

मी भोसरीच्या एका वर्कशॉपात टर्नर म्हणून लागलो आणि पुढं टूलरूम सांभाळायला लागलो. ती बढती मिळाली तेव्हा मी फोरमनसाहेबांना आणि तीन सोबत्यांना जेवायला बोलावलं. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी मटण कसं करणार? म्हणून बुधवारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर सगळे थेट आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले. बायकोनं दुपारपासून चूल आणि स्टोव्ह दोन्ही पेटवले होते. तिचं माहेर चाकणच्या पलीकडचं, शेतकऱ्याचं घर. दोन दिवस आधीच माझ्या सासऱ्यांनी नव्या बटाट्याची पिशवी पाठवली होती.

ताटं वाढली गेली. लालभडक रस्सा, त्यात मटण आणि सालीसकट अख्खे छोटे बटाटे. फोरमनसाहेबांनी एक बटाटा बोटांत धरून वर केला आणि म्हणाले, "अरे वा, हे मटणातले बटाटे का बटाट्यातलं मटण?"

सगळे हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. पण मी दुष्काळी गावातून आलेला माणूस. आमच्याकडे मटणात बटाटा पडायचा तो माणसं जास्त आणि मटण थोडं असलं की. बटाटा म्हणजे यजमानाची गरिबी ताटात येऊन बसली, असा माझा समज. माझे कान तापले. मी आतल्या खोलीकडं बघून ओरडलो, "दीड किलो मटण आणून दिलं होतं ना? बटाटे ढकलून माझी लाज काढलीस. उचल ते सगळे."

ती दारात आली. मला वाटलं, ती रडेल किंवा आत जाईल. तिनं एक पातेली घेतली, पदर खोचला आणि ताटामागून ताट फिरत एकेक बटाटा उचलला. फोरमनसाहेब म्हणत होते, "अरे राहू दे, राहू दे." मी म्हणालो, "नाही साहेब." शेवटी माझ्या ताटापाशी आली, माझेही उचलले, आणि आत गेली. मग बाहेर आली ती भाकरी वाढायला. चेहऱ्यावर काही नाही.

त्या दिवसापासून तिनं माझ्या घरात मटण केलं नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही. मटण आणलं तर म्हणायची, "तुमी करा." मला चहाशिवाय काही येत नव्हतं. मटणाचं पातेलं घासून तिनं माळ्यावर टाकलं. मी खानावळीत जाऊन खायला लागलो.

सहा-आठ महिन्यांनी शेजारच्या बाईंनी बारशाच्या जेवणाचं मटण वाटीभर आणून दिलं. बायको म्हणाली, "नको." शेजारीण माझ्याकडं बघायला लागली. मी पटकन म्हणून गेलो, "तिनं नवस केलाय. पोराच्या शिक्षणासाठी." संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी दोघीजणी तिला नमस्कार करून गेल्या. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली, आणि मी पेपर उघडला.

इथपर्यंत माझी चूक अडाणीपणाची होती, असं म्हणता येईल. पण पुढच्या वर्षी बटाट्याच्या काढणीला मी एकटाच सासुरवाडीला गेलो. सासूबाईंनी मटण केलं होतं. माझ्या ताटात त्यांनी आधी चार बटाटे ठेवले, मग मटण. म्हणाल्या, "जावयबापू, नवा बटाटा निघाला की पयलं मटण त्याच्यासंगं. पाव्हण्याच्या ताटात बटाटा नसला तर पाव्हणा उपाशी गेला म्हंत्यात आमच्यात."

मी चारही बटाटे खाल्ले. वर आणखी दोन घेतले. रस्सा आत मुरलेला, जिभेवर विरघळणारा बटाटा होता तो. खाता खाता मला सगळं समजलं. तिनं माझ्या साहेबांना तिच्या घरचा सगळ्यात मोठा मान वाढला होता आणि मी तो तिलाच ताटांतून उचलायला लावला होता. बसनं घरी येताना मी ठरवलं होतं, की आज बोलायचं. घरी आलो, तिनं विचारलं, "आई बरी हाय का?" मी म्हणालो, "बरी आहे." तीस वर्षं तेवढ्यावरच राहिलो.

आता मुलाचं सांगतो. तो चाकणच्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. त्या कंपनीचा मेक्सिकोत एक कारखाना आहे, तिथं नवी लाइन उभी करायला त्याला आठ महिने पाठवलं होतं. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात जेवताना तो तिथल्या घरमालकीणबाईंबद्दल सांगत होता. म्हातारी दर रविवारी मोठ्या भांड्यात मटणाचा एक रस्सा करायची. त्या पदार्थाचं तिकडचं नावच मुळी 'मटण आणि बटाटे' असं आहे.

"एकदा मी विचारलं, बटाटे कशाला एवढे?" मुलगा म्हणाला. "तर म्हणाली, बटाटा नसेल तर तो रविवार कसला? बाबा, तिच्याकडे पाहुण्याला आधी बटाटे वाढतात."

मी ताटातनं मान वर केली. बायको तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं भाकरी उलटली, दाबली, फुगवली. आणि तशीच तव्यावर राहू दिली. पण सून म्हणाली, "आई, भाकरी करपतेय."

त्या रात्री मला झोप आली नाही, एवढंच सांगतो. सकाळी मी मुलाला म्हणालो, "त्या बाईंची रेसिपी आहे का तुझ्याकडे?" त्याच्याकडं होती. वर मिरच्यांची दोन पाकिटंही होती. "रविवारी मी करणार," मी म्हणालो.

"तुम्ही?" सून एकदम म्हणाली. मग सावरून म्हणाली, "करा ना बाबा. मी फक्त फायर ब्रिगेडचा नंबर काढून ठेवते."

मूळ पदार्थ गाईबैलाच्या मटणाचा. मुलानं तिथं काय खाल्लं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आमच्याकडं त्याला कायदा नाही म्हणतो आणि घरही. बायकोनं आतून आवाज दिला, "त्यात काय घालत्यात त्ये कळलंय मला. तुमी आपलं बोकडाचं आणा." तीस वर्षांत मटणाविषयी तिनं मला केलेली ही पहिली सूचना. मी पिशवी घेऊन जवळजवळ पळतच निघालो.

खाटीक ओळखीचा. म्हणाला, "काका, तुम्ही? घरी?"

"मांडीचं दे. मोठे तुकडे, हाड कमी."

"बिर्याणी का?"

"मेक्सिकोचा रस्सा आहे."

त्यानं सुरी थांबवली. "मसाला कुठलाही घाला काका, बोकड आपल्याच जुन्नरचा आहे."

घरी आलो तर सगळी ओट्याभोवती जमलेली. बायको सोडून. ती बाहेरच्या खोलीत लसूण सोलत बसली होती, आणि लसूण कुणीच सोलायला सांगितला नव्हता. मुलानं मिरच्या बाहेर काढल्या. हाताच्या पंजाएवढ्या, काळपट, सुरकुतलेल्या. सुनेनं एक नेऊन सासूच्या हातात दिली. तिनं वास घेतला. "ही मिरची हाय का खारीक?"

त्या मिरच्यांचं बी काढलं, तव्यावर जराशा गरम केल्या आणि कढत पाण्यात भिजत घातल्या. टोमॅटो मी गॅसवर वांग्यासारखे भाजले. त्यात जी एक पानांची पूड पडते ती कुठून आणायची, हा प्रश्न सुनेनं सोडवला. फ्रिजच्या कप्प्यात पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या वीस-पंचवीस पुड्या तिनं जपून ठेवल्या होत्या. "बघा, मी टाकून देत नाही ते," ती मुलाला म्हणाली. हा त्यांचा जुना वाद असावा.

बटाटे चिरायचं काम मात्र मी कुणाला दिलं नाही. रेसिपीत लिहिलं होतं, सारखे तुकडे करा, म्हणजे सारखे शिजतात. मी कपाटातून टूलरूममध्ये मापं घ्यायचा माझा व्हर्नियर काढला. मुलगा हसून हसून खाली बसला. "बाबा, टॉलरन्स किती?"

"अर्धा मिलिमीटर," मी म्हणालो. "बाद झालेले तू कच्चे खा."

मग पातेलं. सून तिचं नॉनस्टिक काढत होती, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "त्येच्यात व्हायचं न्हाई. माळ्यावरचं काढा." मुलानं स्टुलावर चढून कागदात गुंडाळलेलं पातेलं खाली काढलं. मी ते घासलं. मी घासलं, हे लिहायलाच हवं.

त्या पद्धतीत मटण आधी पाण्यात शिजवत नाहीत. थोड्या तेलात तुकडे सगळ्या बाजूंनी चांगले तपकिरी होईपर्यंत परततात. मी परतत होतो, धूर झाला, वास बाहेर गेला.

"पाणी घाला, खाली लागतंय!" बायको.

"नाही घालायचं. लिहिलंय तसं."

"लिवनारी येनार हाय का भांडं घासायला?"

ती अजून बाहेरच होती, पण तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराजवळ सरकली होती. कांदा घातला, लसूण घातला. सोललेला लसूण सुनेनं वाटीतून आणून दिला, आता तो कामाला आला. मिरच्या आणि टोमॅटो मिक्सरमधून काढून ओतले. चर्र झालं आणि जो वास सुटला, तो आमच्या मसाल्यासारखा नव्हता. जरा गोडसर, धुरकट, मातीच्या जवळचा. मुलानं डोळे मिटले. "आजी," तो म्हणाला. क्षणभर मला कळलं नाही तो कुठल्या आजीविषयी बोलतोय.

अर्धा तास मंद आचेवर ठेवल्यावर मी बटाट्यांची परात उचलली. मागं वळलो तर ती दारात उभी. मी परात हातात धरून तसाच थांबलो. ती माझ्याकडं नाही, परातीकडं बघत होती. सुनेला आणि मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती दोघं मोबाइलवर फोटो काढत होती.

बायको पुढं आली. पळीत मटणाचा एक तुकडा घेतला, फुंकर मारली आणि दोन बोटांत दाबला.

"आत्ता का टाकताय? मटण चिवट हाय अजून. बटाट्याचं पिठलं व्हईल."

"मग कधी?"

"मी सांगते."

आणि ती ओट्यापाशीच उभी राहिली. पाऊण तासानं नुसतं म्हणाली, "हं." मी बटाटे सोडले.

जेवायला बसलो. भाकरी ज्वारीच्या, तिनं केलेल्या. मी उभा राहून वाढायला घेतलं. पहिलं ताट बायकोचं. त्यात मी आधी बटाट्याच्या चार फोडी ठेवल्या, मग मटण.

सून गडबडली. "बाबा! आई खात नाहीत ना. त्यांचा नवस."

"व्हय," बायको म्हणाली. "सगळ्यांना म्हाईत हाय." तिनं ताट मागं सरकवलं नाही आणि जवळही ओढलं नाही. ती वाट बघत होती. मला एवढंच दिसत होतं की आता बोललो नाही, तर हे ताट असंच उचललं जाईल आणि मग काही उरणार नाही.

मी पळी हातात घेऊनच बोललो. बुधवारचं जेवण, फोरमनसाहेबांची थट्टा, माझं ओरडणं, तिनं ताटाताटांतून उचललेले बटाटे. नवस माझ्या तोंडातून निघाला हे सांगितलं. सासूबाईंच्या घरी मी काय खाल्लं आणि येऊन काय बोललो नाही, तेही. बोलताना मी बटाट्यांकडंच बघत होतो. शेवटी म्हणालो, "माझं चुकलं. तू मान वाढला होतास, मी तुझा अपमान केला. चार माणसांत केला."

मुलाच्या हातातला घास हातातच होता. "म्हणजे माझ्या शिक्षणासाठी आईनं काही सोडलं नव्हतं?"

"नाही."

"बाबा, मी डिप्लोमाला नापास झालो तेव्हा मला वाटलं होतं, आई बिचारी मटण सोडून बसली आणि मी हे दिवे लावले. मेक्सिकोत प्रत्येक रविवारी पहिला घास घेताना मला आई आठवायची. घशातून उतरायचा नाही!"

"दुसरा उतरायचा का?" सुनेनं विचारलं.

आणि बायको हसली. आधी पदर तोंडाला लावला, मग पदरही सुटला. आम्ही तिघं बघतच राहिलो.

"अवो," ती मला म्हणाली, "मी मटण कधी सोडलं?"

"म्हणजे?"

"तुमच्या घरात सोडलं. म्हायेरी काय मी वरण-भात खाया जात व्हते? आई दर खेपेला करायची. आई गेल्यावर भावजय करती. बटाटे घालून."

"आई, मी तर असायचो तुझ्यासोबत!" मुलगा ओरडला.

"तुमी पोरं आदी जेवून हुंदडाया पळायचा. आमी बायका मागनं बसायचो. कोन बघतंय?"

दोन दिवसांसाठी माहेरी जाऊन ती पाचव्या दिवशी का परतायची, ते मला त्या क्षणी कळलं. सासूबाईंनी माझ्या ताटात आधी बटाटे का ठेवले तेही कळलं. त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी लपवत होतो ते फक्त माझ्यापुरतं.

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"मी का बोलू? बोलायचं तुमच्याकडं व्हतं." आता ती हसत नव्हती. "आन् नवस तुमी गल्लीत सांगून बसला. मग भोसरीत मला खाता येईना. वास आला की खिडकी लावून घ्यायची मी. त्येचा राग व्हता, बटाट्यापेक्षा जास्त."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, बटाट्याची एक फोड दाबली, रश्शात फिरवली आणि तोंडात घातली. आम्ही तिघं तिच्या जबड्याकडं बघत होतो.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. दुसरा घास घेतला. "मटणाला आपली चव न्हाई. पन बटाटा झालाय." मग सुनेला, "अगं बघतीस काय, वाढून घे. आन् ती खारकेची मिरची मला दोन दे, भावजयला दाखवते."

मग जे जेवण झालं तसं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मुलगा मेक्सिकोतल्या आजीची नक्कल करत होता, सून पुड्यांचा विजय तीनदा सांगत होती, आणि बायकोनं मागून घेऊन बटाट्याच्या आणखी तीन फोडी खाल्ल्या. मी मोजल्या नव्हत्या, तिनंच सांगितलं. "सात झाल्या," म्हणाली.

ताटं उचलताना मी विचारलं, "गल्लीत काय सांगायचं?"

"गल्लीतल्या बायकांना मी सांगीन, माझ्या सवडीनं. यंदाची ओटी येऊ द्या." मग थांबून म्हणाली, "पन तुमी मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच व्हतं. ज्यांच्या ताटातनं उचलायला लावले, त्यास्नी सांगा."

त्या चौघांपैकी फोरमनसाहेब गेले. एक सोबतीही गेला. एकजण गावी परतला, त्याचा पत्ता नाही. उरलेला दिघीत राहतो, वर्षाकाठी एखाद्या लग्नात भेटतो. मी लगेच फोन लावला, कारण उद्यावर टाकलं तर काय होतं हे मला ठाऊक आहे. बायकोनं स्पीकर चालू करायला लावला.

मी त्याला सगळं सांगितलं.

"राव," तो म्हणाला, "आता तू बोललासच तर मी पण सांगतो. वहिनी माझ्या ताटापाशी आल्या तेव्हा मी एक बटाटा भाकरीखाली सारला होता. तुझं लक्ष नसताना खाल्ला. असला बटाटा मी जन्मात परत खाल्ला नाही. तीस वर्षं मला वाटतंय, मी चोरून खाल्ला."

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. "भावजी, मला दिसलं व्हतं. भाकरीला उंचवटा आलता. म्हनून तर मी म्होरं सरकले."

पलीकडं तो आणि अलीकडं ती, दोघं इतका वेळ हसत होती की मी मधे बोलायचा नाद सोडला. मग तिनं त्याला या रविवारी जोडीनं जेवायला बोलावलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मटण मी करनार. बटाटे भावाकडनं मागवते. तुमच्याकडं कांदा चिरायचा, आन् जेवायच्या आदी उभं राहून सगळ्यांपुढं बोलायचं."

काय बोलायचं ते मी काल लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवलं. पान-दीड पान झालं होतं. तिनं पहिल्या चार ओळी ऐकल्या.

"एवढं लांबवू नका," म्हणाली. "रस्सा निवंल."